पेरूच्या जेलीला मोगऱ्याचा वास लावायचा तर फुलं रसातच उकळावीत का?

अजिबात उकळू नका. वास उडून जातो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो. तिन्हीसांजेला टपोऱ्या कळ्या खुडा. उकळून गार केलेल्या अर्धी वाटी पाण्यात वीस-पंचवीस कळ्या टाकून झाकण ठेवा. मोगरा रात्री उमलतो, वासही तेव्हाच सुटतो. सकाळी पाकळ्या तपकिरी व्हायच्या आत काढून टाका. जेली झाली, गॅस बंद केला, की हे मोगऱ्याचं पाणी दोन चमचे घालून हलवा. माठात मोगरा टाकायची पद्धत ज्यांच्या घरात होती त्यांना यात नवल वाटणार नाही.

पण तुम्ही जाता जाता लिहिलंय की जेली गढूळ होते आणि सासूबाई म्हणतात पेरूच वाईट. ते वाचून मला राहवलं नाही.

2008 चा श्रावण. गिरगावात आमच्या दोन खोल्या, गॅलरीत मोगऱ्याच्या तीन कुंड्या. पावसाळी पेरू आणि मोगऱ्याचा शेवटचा बहर यांची गाठ त्याच दिवसांत पडते. दोन किलो पेरू शिजवले, स्टूल उलटं ठेवून चारी पायांना ओला पंचा बांधला आणि खाली पातेलं ठेवलं. रस थेंब थेंब पडत होता, सरबतासारखा नितळ. रात्री मोठ्या नणंदबाई पाणी प्यायला उठल्या. "किती गं हे टिपकत बसायचं," म्हणत त्यांनी पंचा चांगला पिळला. सकाळी पातेल्यात दुधाळ पाणी. चोथ्यातला गर रसात उतरला होता, तो कशानेही खाली बसत नाही. जेली लागली छान, पण बाटली उजेडात धरली तर पलीकडचं काही दिसेना. मंगळागौरीला ताईंनी सगळ्या बायकांसमोर सांगितलं, "हिचे पेरूच निकस." मी गप्प बसले. पेरू चांगले होते, ताई. पंचा तुम्ही पिळलात.

जेली घट्ट करणारी पेक्टिनची पावडर पेरूला लागत नाही, निम्मे पेरू कच्चे घ्या म्हणजे झालं. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर, थोडं लिंबू. पळी तिरकी केल्यावर शेवटचे दोन थेंब एकमेकांना धरून पडद्यासारखे लोंबले की झाली. थर्मामीटर असेल तर 105 अंश.

फुलं मात्र घरच्या कुंडीतलीच. बाजारातली फुलं पूजेसाठी पिकवतात, त्यांवर फवारणी असते, ती धुऊन जात नाही. आणि पांढरं दिसलं म्हणून तगर उचलू नका, ती विषारी आहे. कण्हेरही तशीच. पावसाळी पेरूत अळी असते, चिरून बघा. बाटली कोरडीठाक हवी, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत आठवड्यात बुरशी धरते.

रात्री घरात पाहुणे असतील तर झोपायच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवा, पंच्याला हात लावायचा नाही. मी सांगितलं नव्हतं.