पटकथा लांबतेय, काय कापू?

प्रश्न : ताई, मला १० मिनिटांची शॉर्टफिल्म करायचीय पण पटकथा २२ पानांची झालीय. सगळंच महत्त्वाचं वाटतं, काय काढू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : साधारण १ पान म्हणजे पडद्यावर १ मिनिट असा अंदाज धरतात, देवनागरीत तो थोडा मागेपुढे होतो, पण २२ पानं १० मिनिटांत बसणार नाहीत हे नक्की. ऑस्करला ४० मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्टफिल्म म्हणून चालते, म्हणून तेवढी ताणायलाच हवी असं नाही ना! आधी बघा, कॅमेऱ्याला न दिसणारं किती लिहिलंय. 'सुमन नवऱ्यावर नाराज आहे' हे शूट कसं करणार? त्याऐवजी 'सुमन दोन ताटं काढते, थांबते, एक परत मांडणीवर ठेवते' असं लिहा, कॅमेरामनला काम मिळतं, नटीला काम मिळतं आणि भांडणाचा अख्खा संवाद आपोआप गळतो. पहिली ३-४ पानं बहुतेक ओळख करून देण्यातच जातात, ती सरळ उडवा आणि गोष्ट जिथं बिघडते तिथूनच सुरू करा. मग मित्रांना बसवून मोठ्यानं वाचन घ्या, मोबाईलवर वेळ लावून, आणि जिथं त्यांची चुळबुळ सुरू होईल तिथं पेन्सिलनं खूण करा.