हप्त्यावर मॅक्रो लेन्स घ्यावी का?

प्रश्न : मी नोकरी करते आणि फावल्या वेळात फोटो काढते. माझ्याकडे सोनीचा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा, किटची झूम लेन्स आणि 50 मिमी एफ 1.8 आहे. सुट्टीच्या दिवशी कीटकांचे फोटो काढायला जाते. गेल्या सहा महिन्यांत दागिन्यांच्या फोटोंच्या चार ऑर्डरही मिळाल्या. प्रत्येक फोटोला मी एकच दर लावते. एका ग्राहकाला खड्याचं कोंदण अगदी जवळून हवं होतं, ते मात्र मला जमलं नाही. आता सोनीची 90 मिमीची मॅक्रो प्राइम, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, झूम न होणारी लेन्स घ्यायची आहे. तिची किंमत माझ्या हातात येणाऱ्या पगाराच्या दीडपट आहे आणि बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यावर ती मिळते आहे. पगारातला 30 टक्के भाग गृहकर्जाला जातो, अडीअडचणीसाठी दोन महिन्यांचा पगार बाजूला आहे. चार ऑर्डरमधून लेन्सच्या पाव किमतीइतके पैसे मिळाले, म्हणजे लेन्स स्वतःचे पैसे स्वतःच फेडेल असं मला वाटतं. घेऊ का?

उत्तर : लेन्स जरूर घ्या, पण हप्त्यावर नको आणि आत्ता नको.

सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करते, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे. चार ऑर्डर तुम्हाला मिळाल्या खऱ्या, पण त्या या लेन्सशिवाय मिळाल्या. ते पैसे तुमच्या हाताचे आणि नजरेचे आहेत. लेन्सच्या नावावर जमा धरायची ती फक्त लेन्स आल्यामुळे वाढलेली कमाई, आणि तो आकडा आज शून्य आहे. समजा उदार होऊन सगळी कमाई लेन्सच्या खात्यात टाकली, तरी सहा महिन्यांत पाव किंमत, म्हणजे पूर्ण वसुलीला दोन वर्षं. हप्ते मात्र बाराच महिन्यांत फेडायचे आहेत. उरलेली निम्मी रक्कम पगारातूनच जाणार.

दीडपट किंमत बारा महिन्यांत वाटली की दर महिन्याला पगाराचा आठवा भाग होतो, साडेबारा टक्के. गृहकर्जाचे 30 त्यात मिळवा : साडेबेचाळीस. घरात एक आजारपण निघालं तर हाताशी दोनच महिन्यांचा पगार आहे. आणि ‘बिनव्याजी’ या शब्दावर जाऊ नका. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळणार आहे का आणि प्रक्रिया शुल्क किती, हे आधी विचारा. सोडून दिलेली सूट हेच त्या कर्जाचं व्याज असतं.

आता लेन्सकडे वळू, कारण पैशाचं खरं उत्तर तिथेच आहे. तुम्ही एका खरेदीत दोन कामं मोजली आहेत आणि त्या दोन कामांच्या गरजा वेगळ्या आहेत.

दागिन्यांचं काम आधी. मॅक्रो लेन्स 1:1 पर्यंत जाते. 1:1 म्हणजे वस्तू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, जेवढ्यास तेवढी उमटणार, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात फक्त 36 बाय 24 मिलिमीटरचा तुकडा मावणार. साधारण वीस मिलिमीटर व्यासाची अंगठी त्यात ठेवून बघा : वरखाली श्वास घ्यायला जागा राहत नाही. अख्ख्या अंगठीसाठी अर्ध्या आकाराचं चित्र पुष्कळ झालं. तेवढं तुमची 50 मिमी आजच देऊ शकते, फक्त मागे एक्स्टेंशन ट्यूब हवी. या ट्यूबमध्ये काच नसते, ती लेन्सला सेन्सरपासून थोडी लांब नेते, एवढंच. सोनीच्या माउंटसाठी, म्हणजे लेन्स बसवायच्या खोबणीसाठी, 10 आणि 16 मिमीचा जोड सहज मिळतो. दोन्ही लावले की 26 मिमी. त्याला 50 ने भागा, 0.52, म्हणजे सेन्सरवर वस्तूच्या 0.52 पट चित्र. त्यात लेन्सचं स्वतःचं थोडं मोठेपण मिळवलं की 0.65 च्या आसपास पोचता. म्हणजे 55 बाय 37 मिलिमीटरची चौकट. अंगठी, कर्णफूल, पदक, सगळं त्यात बसतं. कडा जरा मऊ येतील, पण अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) एफ 8 इतकं बारीक केलं की मधला भाग चांगला येतो आणि दागिना मध्येच असतो. ट्यूब घेताना तिला विद्युत संपर्क आहेत ना, तेवढं बघून घ्या. नसतील तर कॅमेऱ्यावरून अ‍ॅपर्चर बदलता येणार नाही.

टेबलावर ट्रायपॉड लावून केलेल्या या कामात वेगवान ऑटोफोकसचा किंवा स्थिरीकरणाचा (हात हलला तरी चित्र सांभाळणाऱ्या सोयीचा) काहीच उपयोग नाही, आणि महागड्या मॅक्रो लेन्समध्ये तुम्ही बरेचसे पैसे त्याचेच मोजता. ग्राहकाला फरक दिसतो तो उजेडात. एक चांगला दिवा आणि त्यापुढे पसरट पांढरा पडदा, यावर घातलेले थोडे पैसे पहिल्याच ऑर्डरमध्ये दिसतील.

कीटकांचं गणित वेगळं. ट्यूब लावलेल्या 50 मिमीने चतुराच्या डोळ्यांचा फोटो काढायला जाल तर लेन्सचं तोंड त्याच्यापासून जेमतेम वीतभरही लांब नसेल. तो उडून जाईल, आणि बसून राहिला तरी त्याच्यावर तुमचीच सावली पडेल. 50 मिमीच्या मॅक्रो लेन्सनेही 1:1 ला पुढे पाच-सहा सेंटीमीटरच उरतात, 90 ते 105 मिमीच्या लेन्सने तेरा-चौदाच्या आसपास. या सात-आठ सेंटीमीटरसाठी ती लेन्स घ्यायची असते. ते मला मनापासून पटतं, मी त्याला चैन म्हणणार नाही. मात्र हा छंदाचा खर्च आहे. छंदाचा खर्च साठवून करावा, उसनवारीने नाही. त्याला धंद्याची गुंतवणूक म्हटलं की मन हप्त्याला लगेच तयार होतं.

तर साठवणीचा हिशेब असा. ऑर्डरचे सगळे पैसे एका वेगळ्या खात्यात टाका. महिन्याला सरासरी पगाराचा सोळावा भाग पडतो. जो हप्ता भरायला तुम्ही तयार होता, त्याच्या निम्मी रक्कम, म्हणजे आणखी सोळावा भाग, त्याच खात्यात. बारा महिन्यांत नव्या लेन्सची पूर्ण किंमत जमते. हप्त्याची उरलेली निम्मी रक्कम अडीअडचणीच्या निधीत टाका. तो वर्षाअखेर दोनवरून पावणेतीन महिन्यांवर जातो. ऑर्डर मंदावल्या तर इथे फक्त खरेदीची तारीख पुढे सरकते. तिथे हप्ता थांबत नाही.

वापरलेली लेन्स बघितलीत तर बारा महिन्यांची वाटही पाहायला नको. मॅक्रो लेन्स या बाबतीत चांगली : काच जुनी होत नाही आणि लोक छंद सुटला की ती विकतात. तुम्ही लिहिलेली सोनीची 90 मिमी 2015 सालची आहे, म्हणजे बाजारात फिरून आलेल्या भरपूर असणार. सिग्माची 105 मिमी 2020 ची आणि टॅमरॉनची 90 मिमी 2024 ची; या दोन्हींत स्थिरीकरण नाही, पण 1:1 च्या अंतरावर स्थिरीकरण तसंही फारसं हात देत नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

विकत घेण्याआधी मागून टॉर्चचा उजेड टाकून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, परत फिरा. अगदी जवळच्या अंतरावर फोकस करून चार फोटो काढा, लांबचे नव्हे. कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली की आतून खुळखुळ ऐकू आली तर घाबरू नका, सोनीच्या या लेन्समध्ये फोकस करणारे काचांचे गट तेव्हा सैल असतात.

एका ग्राहकाला खड्याचं कोंदण अगदी जवळून हवं होतं आणि ते तुम्हाला जमलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. तेही ट्यूबवर होईल, फक्त वेळ लागेल. अर्ध्या आकाराला एफ 8 वर साधारण तीनच मिलिमीटर स्पष्ट येतात, 1:1 ला जेमतेम एक. खड्याच्या माथ्यापासून कोंदणाच्या तळापर्यंत सगळं स्पष्ट हवं तर फोकस थोडा थोडा सरकवत सहा-आठ फ्रेम घ्यायच्या आणि संगणकावर जोडायच्या. आजवर तुम्ही प्रत्येक फोटोला एकच दर लावत आला आहात. या क्लोज-अपचा दर वेगळा ठेवा आणि काम घेण्याआधीच तो सांगा. असे क्लोज-अप पुढच्या तीन-चार महिन्यांत कितीजण पैसे देऊन मागतात, ते वहीत लिहून ठेवा. लेन्समुळे खरंच किती कमाई वाढेल, तो आकडा तुम्हाला तिथून मिळेल, आणि तो मोठा निघाला तर मला पुन्हा लिहा. मग खरेदी अलीकडे ओढता येईल का ते बघू.