लेकीला टाइप वन डायबेटिस आहे, ती आधीसारखी हसेल का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. लेक नऊ वर्षांची, डायबेटिस कळून आठ महिने झाले, तेव्हापासून खो-खो बंद, मैत्रिणींचे वाढदिवस बंद, आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणतात, 'लहानपणी गोड फार दिलं ना!' ती आधीसारखी हसेल का, असं विचारलंय तुम्ही. हसेल हो, नक्की हसेल.

आधी सासूबाईंचं बघू. टाइप वन गोड खाल्ल्याने होत नाही, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, त्यात तुमचा काडीचाही दोष नाही, आणि हे लेकीला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगा, कारण मुलं असलं बोलणं मनात धरून बसतात.

2019 मध्ये 'पीडियाट्रिक्स' जर्नलमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, पाच ते नऊ वयाच्या मुलांचा. त्यात दीर्घ आजार असलेली मुलं बाकीच्यांइतकीच समाधानी दिसली, फरक पडत होता तो मनावरच्या ताणाने आणि घरातल्या नात्यांनी. म्हणूनच तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार लागली, मशीनवर 260 आलं आणि ती 'सॉरी मम्मी' म्हणाली. अहो, ते काय परीक्षेचे मार्क आहेत का? सर्दी-ताप, टेन्शन, कशानेही शुगर वर जाते. शाळेतून आली की दारातच 'किती आली?' नको, आधी डब्यातलं कुणी कुणी खाल्लं ते विचारा, मग बोट टोचा.

आणि वाढदिवसाला पाठवा! केक चालतो, त्यातल्या कार्ब्सचा, म्हणजे साखर-पिठाच्या कर्बोदकांचा, हिशोब करून इन्सुलिन द्यायचं, तो हिशोब डॉक्टरांकडून नीट शिकून घ्या. खो-खो पण सुरू करा, खेळण्याआधी शुगर बघायची, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवायच्या, आणि सरांना, दोन मैत्रिणींना सांगून ठेवायचं की हात थरथरले, घाम फुटला किंवा शुगर 70 च्या खाली गेली की लगेच डॉक्टरांनी ठरवून दिलेलं ग्लुकोज आणि 15 मिनिटांनी परत चेक.

कधी ती चिडेल, सुई नको म्हणेल. 'तू शूर ना' म्हणून गप्प करू नका, रडू द्या, मग सुई. पण बरेच दिवस गप्पगप्प राहिली, जेवण टाळायला लागली किंवा इन्सुलिन लपूनछपून चुकवायला लागली तर डॉक्टरांना सांगून समुपदेशकाकडे न्या.

अजून एक, रोज रात्री दोनला शुगर बघायला तुम्हीच उठता, काही रात्री तिच्या बाबांना उठू द्या. त्यांना इंजेक्शनच्या पेनने इन्सुलिन देता येत नाही म्हणताय, तर येत्या रविवारी शिकवा, लेकच शिकवेल कदाचित.