खोक्यातल्या हवेचंही भाडं पडतं

(माल, माप आणि भाडं यांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणारे काका आधी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका ट्रान्स्पोर्टच्या गाळ्यात बुकिंग क्लार्क होते, नंतर न्हावा शेवा बंदरात कंटेनर भरून घेण्याचं काम करत.)

प्रश्न : काका, माझं कोल्हापुरी चपलांचं घरगुती काम आहे. गेल्या महिन्यात दिल्लीच्या व्यापाऱ्याला ६० खोकी पाठवली. काट्यावर ९०० किलो भरली. बिल आलं १,९२० किलोचं! विचारलं तर म्हणाले, "ताई, हे व्हॉल्यूमचं वजन आहे." अशी लूट चालते का? खोक्याचं माप ६० × ४५ × ४० सेंटिमीटर आहे.

उत्तर : ताई, लूट नाही. बराचसा दोष तुमच्या खोक्याचा आहे आणि थोडा त्यांच्या भागाकाराचा.

ट्रक दोन तऱ्हांनी भरतो. शिरोलीच्या फाउंड्रीतलं कास्टिंग चढवलं की हौदा निम्मासुद्धा भरलेला दिसत नाही आणि चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसलेले असतात. चुरमुऱ्यांची पोती चढवली की ताडपत्रीला हात लागेपर्यंत थप्पी जाते, पण काट्यावर गाडी रिकाम्यासारखीच. डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता मात्र दोन्ही खेपांना जवळपास तेवढाच. म्हणून ट्रान्स्पोर्टवाला ठरवून टाकतो, की माझ्या गाडीतल्या एका घनफुटाने मला निदान इतक्या किलोचं भाडं मिळवून दिलं पाहिजे. हा आकडा कुणाचा ६, कुणाचा ८, कुणाचा १०. तो बोलून ठरवायचा असतो. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून त्यांनी ८ धरला.

आता हिशेब. ६० × ४५ × ४० म्हणजे १,०८,००० घनसेंटिमीटर. त्याला २७,००० ने भागलं की ४ घनफूट. चार आठे ३२ किलो. साठ खोक्यांचे १,९२०. बिल बरोबर आहे.

पण २७,००० हा आकडा कुठून आला? एक फूट म्हणजे ३० सेंटिमीटर धरून. खरा फूट ३०.४८ चा, आणि खरा घनफूट २८,३१७ घनसेंटिमीटरचा. त्या हिशेबाने तुमचं खोकं ३.८१ घनफूट होतं आणि साठ खोक्यांमागे ८९ किलो कमी लागतात. अनेक जण २७,००० नेच भागतात, करारातही तसंच छापलेलं असतं, त्यामुळे एकट्या ८९ किलोंसाठी भांडू नका. मात्र आकडा ८ वरून ६ वर आणायला बसाल तेव्हा हे बोलून दाखवा. समोरचा जरा सरळ बसतो.

खरी मेख खोक्यात आहे. तुमच्या खोक्याचं वजन १५ किलो, म्हणजे घनफुटाला चार किलोसुद्धा नाही. दिल्लीपर्यंत तुम्ही हवा पाठवताय. माझ्या अंदाजाने एका खोक्यात २४ जोड असतील, प्रत्येक जोड १० सेंटिमीटर उंचीच्या डबीत. कोल्हापुरी सपाट असते हो, बुटासारखी पोकळ नाही. दोन्ही चपला तोंडाला तोंड लावून, एकीची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे अशा ठेवा, मध्ये एक कागद, आणि बघा डबी ८ सेंटिमीटरवर येते का. कान दबत असतील तर नको, पण एक जोड करून बघायला काय जातंय? डबी ८ वर आली की चार थरांचं खोकं ३२ सेंटिमीटर उंच होतं, म्हणजे ३.२ घनफूट. आठच्या दरानेच साठ खोक्यांचे १,५३६ किलो होतात. दर सहावर आला तर १,१५२. जोड तेवढेच.

आणखी एक. खोकं कोंबून भरू नका. गाळ्यावरचा पोऱ्या टेप लावतो तो खोक्याच्या पोटाला, कोपऱ्याला नाही. पोट तीन सेंटिमीटर फुगलं की ४० चे ४३ होतात आणि खोक्यामागे २.४ किलो वाढतात. मी स्वतः वर्षानुवर्षं पोटालाच टेप लावलाय, शेठचा हुकूम होता. तुम्ही खोकी भरल्यावर माप घ्या, मोबाइलवर टेपसकट फोटो काढा आणि मापं बिल्टीवर, म्हणजे माल बुक केल्याच्या पावतीवर, लिहून घ्या. बिल्टी फाडून दिल्यानंतरच्या तक्रारीला कोणी दाद देत नाही.

प्रश्न : आमचा तासगावला बेदाण्याचा धंदा आहे. पहिल्यांदाच २० फुटी कंटेनर भरायचाय. खोकं साडेबारा किलोचं, ४० × ३० × २० सेंटिमीटर. एजंट म्हणतो कंटेनर ३३ घनमीटरचा असतो. म्हणजे १,३७५ खोकी बसतात. एवढ्याची ऑर्डर घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. हीच चूक मी न्हावा शेवाला पहिल्याच वर्षी केली आहे. कंटेनरचं घनमाप भागिले खोक्याचं घनमाप, कागदावर सुरेख उत्तर, पार्टीला शब्द दिला. दार लावायची वेळ आली तेव्हा दीडशेच्या वर खोकी शेडमध्ये बाहेर उभी! त्या दिवशी मला काय काय ऐकावं लागलं ते मासिकात छापता येणार नाही.

खोकं पाण्यासारखं कोपऱ्यात ओतता येत नाही. २० फुटी कंटेनर आतून साधारण ५८९ सेंटिमीटर लांब, २३५ रुंद, २३९ उंच. (तुमच्या हाती येईल तो कंटेनर मोजूनच घ्या, एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक असतो.) आता खोकी सरळ लावा, ३० ची बाजू आडवी. रुंदीत सात खोकी, २१० झाले, २५ सेंटिमीटर वाया. लांबीत ४० च्या १४, म्हणजे ५६०. एका थरात ९८. उंचीत ११ थर, २२० सेंटिमीटर. एकूण १,०७८ खोकी. एजंटच्या कागदापेक्षा २९७ कमी.

आता जमिनीवर खडूने आखा आणि हे करून बघा. रुंदीत पाच ओळी ४० ची बाजू आडवी ठेवून, आणि भिंतीलगत एक ओळ ३० ची बाजू आडवी. दोनशे अधिक तीस, २३०. पाचच सेंटिमीटर उरले. पाच ओळींत लांबीला ३० ची १९ खोकी बसतात, म्हणजे ९५, आणि सहाव्या ओळीत ४० ची १४. एका थरात १०९. अकरा थरांचे १,१९९. तोच कंटेनर, तेच भाडं, आणि १२१ खोकी जास्त. दीड टनाचा फरक केवळ एक ओळ फिरवल्यामुळे. ऑर्डर घ्यायचीच तर या आकड्याच्या आत घ्या.

थर १२ होणार नाहीत का, असं विचाराल. आत २४० लागतील आणि आहेत २३९. शिवाय दाराची उंची आतल्यापेक्षा कमी असते, साधारण २२८, आणि छताखाली थोडी हवा फिरायला हवीच.

माथाडींना एक गोष्ट उभं राहून सांगा : प्रत्येक थर खालच्यासारखाच. भिंतीच्या विटांसारखे सांधे मोडून लावायची सवय असते, हाताला ते पक्कं वाटतं. पण पुठ्ठ्याच्या खोक्याचा जोर त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असतो. कोपऱ्यावर कोपरा आला तर खालचं खोकं वरच्या दहांचा, म्हणजे सव्वाशे किलोंच्या वरचा भार पेलतं. कोपरा खालच्याच्या मधोमध आला की ते बसतं. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन अजून मऊ पडतो. तेव्हा खोकी घेतानाच पुठ्ठेवाल्याला अकरा थरांचं सांगा आणि कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा. दाराकडे उरलेल्या वीस-तीस सेंटिमीटरमध्ये हवेच्या पिशव्या भरा, नाहीतर तिकडे दार उघडणाऱ्याच्या अंगावर बेदाणा येईल.

वजनाची चिंता नाही. माल १५ टनांच्या आत आहे, वर पुठ्ठा. फक्त भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन जाहीर करावं लागतं, १ जुलै २०१६ पासून ते जगभर सक्तीचं आहे. त्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही.

प्रश्न : सावंतवाडीची लाकडी खेळणी जर्मनीला पाठवायची आहेत. १२ खोकी, प्रत्येकी ५० × ४० × ४०, एकूण वजन ११० किलो. विमानाने की बोटीने?

उत्तर : विमानात घनसेंटिमीटरना ६,००० ने भागतात, कुरियरवाले बहुधा ५,००० ने. तुमचं खोकं ८०,००० चं. म्हणजे विमानाने १६० किलोचं भाडं, कुरियरने १९२ चं. बोटीने इतरांच्या मालाबरोबर कंटेनरात गेलात तर एक घनमीटर म्हणजे एक टन धरतात आणि दोन्हींत जे जास्त ते लावतात. तुमचा माल ०.९६ घनमीटर, पैसे एका पूर्ण घनमीटरचे.

ऐकायला बोट स्वस्त. पण तिकडच्या बंदरावर माल सोडवण्याचा खर्चही घनमीटरवर लागतो आणि तो तुमच्या गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. दर मागताना दोन्ही टोकांचा मागा. एवढ्याशा मालाला कधीकधी विमानच परवडतं.

आणि खोक्यांना वरून लाकडी पेटी करणार असाल, तर कच्च्या फळ्यांची नको. फळ्या निर्जंतुक केल्याचा शिक्का नसेल तर युरोपात माल अडतो. प्लायवूडला तो शिक्का लागत नाही. पेटी कशाचीही करा, भाडं तिच्या बाहेरच्या मापावर पडणार, त्यामुळे बाहेरून ठोकलेल्या पट्ट्यासुद्धा मोजून घ्या.