वाचकांचे प्रश्न : दिवाळीची सोडत, मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी

प्रश्न : इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाला दिवाळीच्या कार्यक्रमात रॅफल काढून मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी झटणाऱ्या संस्थेला मदत करायची आहे. आधीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर तिकिटं विकली तर चालेल का?

उत्तर : तिकिटं कधी विकता यावर सगळं ठरतं. कार्यक्रमाच्या जागी, कार्यक्रम चालू असतानाच विकलीत तर नोंदणी लागत नाही. जमलेल्या पैशातून बक्षिसांसाठी 500 आणि छपाईसारख्या खर्चासाठी 100 पाउंडांपेक्षा जास्त मात्र काढता येत नाही. दुकानदारांनी दिलेली बक्षिसं या 500 मध्ये धरत नाहीत.

आठवडाभर आधी विक्री सुरू केलीत, की ती 'स्मॉल सोसायटी लॉटरी' होते. मग मंडळाची स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी हवी : पहिल्या वर्षी 40 पाउंड, पुढे दरवर्षी 20. एका सोडतीची विक्री 20,000 पाउंडांच्या आत ठेवायची आणि त्यातले किमान 20 टक्के कार्यासाठी द्यायचे. तिकिटावर मंडळाचं नाव, किंमत, जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता आणि सोडतीची तारीख छापायची. 16 वर्षांखालच्या मुलांना तिकीट विकता येत नाही. 'पाच घ्या, एक फुकट' हेही बसत नाही, कारण प्रत्येक तिकिटाची किंमत एकच असावी लागते. सोडतीनंतर तीन महिन्यांत दोन सदस्यांच्या सहीचं विवरण कौन्सिलला जायला हवं. नेमकं हेच राहून जातं, कारण दिवाळी आटोपली की कार्यकारिणी बदलते. सही करणारे दोघं नोंदणीच्या वेळीच लेखी नेमा. (हे नियम इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचे. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे.)

छोट्या मंडळाने पहिल्या वर्षी कार्यक्रमातच विक्री करावी, असं आमचं मत आहे. बक्षिसं देणगीतून मिळाली तर दोन पाउंडांच्या 300 तिकिटांचे जवळजवळ सगळे 600 पाउंड संस्थेच्या हातात पडतात.

प्रश्न : सोडतीच्या वेळी दरवर्षी वाद होतात. काय चुकत असावं?

उत्तर : बहुतेकदा तिकिटांचं पुस्तक. एकाच रंगाची दोन पुस्तकं वापरली की एकच क्रमांक दोघांकडे जातो. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला वेगळा रंग द्या, आणि पुकारताना आधी रंग, मग क्रमांक, एकेक अंक सुटा करून सांगा. स्थळप्रतींचे गठ्ठे तसेच डब्यात टाकले तर शेवटी विकलेली तिकिटं वरच राहतात. प्रत्येक प्रत सुटी करा, सारखीच घडी घाला, डबा अर्ध्याहून जास्त भरू नका. न विकलेली तिकिटं डब्यात जाता कामा नयेत. प्रत्येक विक्रेत्याची रोकड विकलेल्या तिकिटांशी दोघांनी मिळून ताडून पाहिली की मगच डबा बंद करा. बक्षिसं दहा-बारा पुरेत. घरचा चिवडा किंवा लाडू ठेवलात तर शेंगदाणे, काजू, तीळ, गहू, दूध यांपैकी जे असेल ते पाकिटावर लिहा.

प्रश्न : तिकीट खपावं म्हणून एखाद्या मुलाचा अनुभव मंचावरून सांगावा का?

उत्तर : नको. मंडळात सगळे एकमेकांना ओळखतात. नाव गाळलं तरी मूल ओळखलं जातं, आणि सोमवारी त्याला शाळेत जायचं असतं. त्याऐवजी संस्था काय करते ते सांगा : 'प्लेस टू बी' शाळांमध्ये समुपदेशक देते, 'यंगमाइंड्स' पालकांसाठी हेल्पलाइन चालवते. नाव आणि बोधचिन्ह वापरण्याआधी संस्थेची लेखी परवानगी घ्या. तिकिटाच्या मागे 'चाइल्डलाइन 0800 1111, 19 वर्षांखालच्यांसाठी मोफत' एवढी मुलांच्या हेल्पलाइनची ओळ जरूर छापा. ज्या मुलाला घरी काही बोलता येत नाही, त्याच्या खिशात ती पोचते.

प्रश्न : तिकिटांच्या पैशावर गिफ्ट एड मिळेल का?

उत्तर : नाही. गिफ्ट एड म्हणजे देणगीदाराने भरलेला आयकर सरकारकडून संस्थेला मिळणं, आणि ते फक्त देणगीवर मिळतं. तिकिटाच्या बदल्यात बक्षिसाची संधी मिळते, त्यामुळे ती देणगी धरली जात नाही. निव्वळ देणगीची पेटी वेगळी ठेवा, शेजारी गिफ्ट एडचे फॉर्म असू द्या, आणि दोन्हींचे पैसे एकत्र करू नका.