कवळी कोरडी पाठवू नकोस

नौपाड्यात पावसाळ्यात आपल्या लॅबच्या भिंतीसुद्धा ओल धरतात, पण तयार कवळीला ओलीची नाही, कोरडं पडण्याची भीती. कवळीचं प्लास्टिक, म्हणजे ॲक्रिलिक, सावकाश पाणी पितं, किंचित फुगतं. सुकलं की आकसतं. हे सारखं झालं की दातांच्या मानेपाशी केसासारखे तडे जातात. म्हणून पॉलिश झाल्यावर कवळी रात्रभर पाण्यात ठेव, उरलासुरला मोनोमर, म्हणजे घट्ट न झालेला कच्चा द्रव, तोही थोडा निघतो. कुरिअरला देताना पिशवीत ओला कापूस घाल. उकळतं पाणी मात्र नको हं, कवळी वाकडी होते. आणि सेल्फ-क्युअरची, म्हणजे उष्णतेशिवाय आपोआप घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकची, दुरुस्ती जपून कर, ते पाण्यात जास्त विरघळू शकतं: विरघळण्याची आयएसओ मानकाची कमाल मर्यादा घन मिलिमीटरला हीट-क्युअरसाठी (उष्णतेने घट्ट केलेल्यासाठी) 1.6 मायक्रोग्रॅम, सेल्फ-क्युअरसाठी 8. डागही आधी त्या दुरुस्तीवरच धरतात.