२,१४,७४,८३,६४७ ला ऑयलर यांनी किती वेळा भागले?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. नववीतल्या एका मुलाने वाचले की २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, ही मूळ संख्या असल्याचे गणितज्ञ ऑयलर यांनी १७७२ मध्ये सिद्ध केले. तिचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंतच्या हजारो मूळ संख्यांनी त्यांनी खरोखर भागून पाहिले का, असे त्याने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. ४६,३४० पर्यंत साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत आणि १७७२ मध्ये ऑयलर यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. खळ्यावर धान्य आधी उपणतात आणि मग उरलेले खडे सुपात निवडतात, तसे त्यांनी केले : कोणत्या संख्या विभाजक असूच शकत नाहीत, हे आधी ठरवले.

समजा, क ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग २ च्या ३१ व्या घाताला क ने भागल्यास बाकी १ उरते, आणि फर्मा यांच्या सिद्धान्तानुसार २ च्या (क − १) व्या घाताचीही बाकी १ च येते. आता ३१ ने (क − १) ला भाग जात नसेल, तर या दोन घातांकांचा मसावि १ ठरतो आणि खुद्द २ ची बाकी १ मानावी लागते, जे अशक्य आहे. क विषम असल्याने (क − १) ला ६२ ने भाग गेलाच पाहिजे.

दुसरी अट अशी की २ चा ३२ वा घात हा पूर्ण वर्ग आहे आणि क ने भागल्यावर त्याची बाकी २ येते. असे घडायचे तर क ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरावे लागतात. (याची सिद्धता नववीच्या पलीकडची आहे, मुलांना ती तूर्त गृहीत धरू द्यावी.) दोन्ही अटी एकत्र केल्यावर २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी देणाऱ्या संख्याच उरतात. ४६,३४० पर्यंत त्या पावणेचारशेही नाहीत, आणि त्यांतल्या मूळ संख्या तर शंभरापेक्षा कमी आहेत.

घातांक मूळ असला की उत्तर मूळच येते, असा समज मात्र वर्गात होऊ देऊ नये. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. इथेही २२ आणि ८८ या दोहोंना ११ ने भाग जातो, हे मुलांनी स्वतः पडताळावे.

मग मूळ प्रश्नाकडे वळावे. ६३, २४९ संयुक्त असल्याने गळतात; पहिली उमेदवार ३११, तिने भागल्यास बाकी ३५ उरते. त्यानंतरच्या ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५ आणि १२४१ या साऱ्या संयुक्त आहेत, त्यामुळे पुढचा भागाकार थेट १३०३ ने करायचा. त्याची बाकी २२६ येते.